वाघाटी दिसली नाही म्हणून?

गेल्या हिवाळ्यात शाळेची सहल घेऊन मी एका प्राणिसंग्रहालयात गेलो होतो. वाघाटीच्या पिंजऱ्यापुढे मुले ताटकळली. ती काही दिसेना. कोपऱ्यातल्या लाकडी खोक्यात अंग चोरून बसली होती. एका गृहस्थांनी जाळीवर किल्ली वाजवली, दुसऱ्यांनी शीळ घातली, तिसऱ्यांनी रखवालदाराला सुनावले, "तो खोका काढून टाका की! तिकीट कशाचे घेता?" लाजेची गोष्ट ही, की क्षणभर मलाही ते पटले.

वाघाटी म्हणजे जेमतेम एक-दीड किलोचा जीव. जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक. रात्री हिंडावे, झाडावर चढावे, दिवसा ढोलीत दडावे, हा तिचा संसार. आणि आपण तिला देतो काय? सिमेंटचे झाड नि भिंतीवर रंगवलेले अरण्य! चित्रातल्या फांदीवर तिने चढावे कसे? ते अरण्य तिच्यासाठी नाहीच, आपल्या डोळ्यांसाठी आहे.

कार्ल हागेनबेक यांनी १९०७ साली हांबुर्गजवळ गजांऐवजी खंदक केले, म्हणून त्यांचे कौतुक होते. सिंहाला ते ठीक. पण सरसर चढणाऱ्या या चिमुकलीला वरूनसुद्धा जाळी हवीच. मग जाळी लपवण्यावर पैसा घालण्यापेक्षा मांजराला लपायला जागा द्या! खऱ्या फांद्या, उंचावर बैठका, दोन-तीन ढोल्या, दाट गवत, ऊन आणि सावली. आणि बघ्यांना एकाच बाजूने वाट.

हा माझा मास्तरी हट्ट नव्हे. वाघाटीच्याच गोतातल्या बिबट-मांजरांवरचा एक अभ्यास अमेरिकेत १९९३ साली प्रसिद्ध झाला. उघड्याबोडक्या पिंजऱ्यात त्यांच्या शरीरातला ताण वाढला. फांद्या नि लपणी मिळताच तो उतरला, येरझाराही कमी झाल्या.

"मग पैसे देऊन रिकामे गवत पाहायचे?" असे कोणी म्हणेल. अहो, दिवाळीच्या फराळाला आपण कोणाकडे जातो, तेव्हा दारावर टकटक करून थांबतो. घरच्या माणसांना ओढून बाहेर काढत नाही. मग या मुक्या जिवाच्या दारीच आपली रीतभात कुठे जाते?

यंदाच्या सहलीत मुलांना मी आधीच बजावणार आहे : वाघाटी दिसली तर आपले नशीब. नाही दिसली, तर तिला दडायला जागा आहे, एवढ्यावर समाधान माना.