पारखून घेतलेले प्रतिस्पर्धी

जॉर्ज फोरमनचे २१ मार्च २०२५ रोजी वयाच्या ७६व्या वर्षी निधन झाले. त्यानंतर माझ्या वाचनात आलेल्या बहुतेक मृत्युलेखांचा मध्यबिंदू एकच होता. ५ नोव्हेंबर १९९४ची रात्र, लास व्हेगास, पंचेचाळीस वर्षांचा फोरमन, अंगावर वीस वर्षांपूर्वी किन्शासात अलीकडून हरताना घातलेली तीच लाल चड्डी, तिन्ही पंचांच्या गुणपत्रकांवर पिछाडी, आणि दहाव्या फेरीत त्याच्या उजव्या हाताच्या ठोशाने आडवा झालेला मायकेल मूरर. वार्धक्यावरील विजयाची कथा म्हणून हा प्रसंग इतका सुबक आहे, की मीही तो वर्गात एकदोनदा सांगितला आहे. आता असे वाटते, की सांगताना मी कथेचा आधीचा भाग आखडता घेतला आणि नंतरचा पार गाळला. प्रस्तुत टिपण ही त्या दोन्ही भागांची भरपाई होय.

आधीचा भाग असा. मार्च १९७७मध्ये सान हुआन येथे जिमी यंगकडून हरल्यावर फोरमनने मुष्टियुद्ध सोडले आणि तो ह्यूस्टनमध्ये धर्मोपदेशक झाला. दहा वर्षांनी, ९ मार्च १९८७ रोजी, सॅक्रामेंटो येथे तो पुन्हा रिंगणात उतरला, तेव्हा त्याचे वजन सुमारे १२१ किलो होते. समोर होता स्टीव्ह झौस्की, ज्याला आदल्याच वर्षी तरुण माइक टायसनने तिसऱ्या फेरीत हरवले होते. तेथून एप्रिल १९९१पर्यंत फोरमनने सलग २४ लढती जिंकल्या, त्यांतील २३ वेळेआधी संपल्या. आकडा दिपवणारा आहे, परंतु प्रतिस्पर्ध्यांची यादी वाचताना डोळ्यांवरची दिपण उतरते. अनेकांची नावे मुष्टियुद्धाच्या जाणकारांनाही सहज आठवणार नाहीत. ओळखीच्या नावांतही पारख दिसते. ड्वाइट मुहम्मद क्वावी हा माजी विश्वविजेता खरा, पण हलक्या वजनगटांतला, आणि फोरमनपुढे बराच ठेंगणा. गेरी कूनी हे नाव एके काळी मोठे होते. जानेवारी १९९०मध्ये फोरमनने त्याला दुसऱ्या फेरीत पाडले, तेव्हा जून १९८७नंतर तो एकही लढत खेळलेला नव्हता. नाव मोठे आणि सद्यःस्थिती क्षीण, अशी ही निवड होती. टीकाकार म्हणत, की हा कृत्रिम श्वसनयंत्रावरच्या माणसांशी लढतो. त्यावर, ते यंत्र काढून निदान काही दिवस तरी झालेले असावे लागतात, अशा अर्थाचा विनोद फोरमन स्वतःच करी. आरोप विनोदात जिरवण्याची ही हातोटी त्याला साधली होती, पण विनोदाने आरोप खोटा ठरत नाही.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. आपल्याकडे आतून ठरवून केलेल्या कुस्तीला 'नुरा कुस्ती' म्हणतात. फोरमनच्या या लढती नुरा होत्या, असे मी म्हणत नाही. पारखून निवडलेला प्रतिस्पर्धी खरेच लढतो, खरे ठोसे खातो आणि खरेच हरतो. ठरवलेली असते ती फक्त जोड. अमेरिकेतील या व्यवसायाच्या बोलीत 'अपोनंट' या साध्या शब्दालाच एक खास छटा आली आहे: ज्याला हरण्यासाठी बोलावले जाते तो. शब्दाचा अर्थ असा आकसणे ही भाषेच्या अभ्यासकाला नोंद घेण्याजोगी गोष्ट वाटावी. 'प्रतिस्पर्धी'मधील स्पर्धा तेथे गळून पडली आणि केवळ 'प्रति' उरले.

रोलां बार्थने 'मिथॉलॉजीज' (१९५७) या पुस्तकातील कुस्तीवरच्या निबंधात कुस्तीचा खेळ आणि मुष्टियुद्ध यांत फरक केला आहे. मुष्टियुद्ध ही प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर घडत जाणारी कथा असते आणि तिचा शेवट अज्ञात असतो. त्याने वर्णिलेल्या व्यावसायिक कुस्तीत मात्र शेवटाला महत्त्व नसते, प्रत्येक क्षण स्वतःपुरता अर्थपूर्ण असतो. या भेदाच्या आधारे पाहिले, तर पारखलेल्या जोडीने फोरमनच्या लढती बार्थच्या कुस्तीकडे सरकल्या. लोक निकाल पाहायला येत नसत, फोरमन पाहायला येत. अवजड, टक्कल केलेला, हसरा, फेऱ्यांच्या मधल्या वेळेत बाकावर न बसता उभाच राहणारा हा माणूस स्वतःच प्रयोग झाला होता.

मग आरोप सिद्ध झाला काय? तथ्यापुरता झाला, निष्कर्षापुरता नाही, असे माझे मत आहे. पारख कशासाठी केली आणि ती कोठे थांबली, हे पाहिल्याशिवाय निवाडा देता येत नाही. याकरिता टायसनच्या पुनरागमनाशी तुलना करावी. मार्च १९९५मध्ये तुरुंगातून सुटल्यावर त्याच्यापुढे चौघे उभे करण्यात आले. पीटर मॅकनीली ८९ सेकंदांत संपला. बस्टर मॅथिस धाकटा आणि फ्रँक ब्रुनो तिसऱ्या फेरीत. ब्रूस सेल्डन पहिल्याच. चौघे मिळून आठ फेऱ्याही पुऱ्या टिकले नाहीत, आणि त्यांतील शेवटचे दोघे तर विश्वविजेतेपदाचे पट्टे बाळगून होते. म्हणजे येथे पट्टेसुद्धा पारखून घेतलेले होते. ९ नोव्हेंबर १९९६ रोजी इव्हँडर होलिफील्डसमोर टायसन अकराव्या फेरीत हरला. आधीच्या चौघांनी त्याला पैसा आणि पट्टे दिले. लांबत जाणारी लढत कशी सोसावी, हे शिकवण्याइतका वेळ कोणीच उभा राहिला नाही.

फोरमनचे तसे झाले नाही. क्वावी सातव्या फेरीपर्यंत टिकला. एव्हरेट मार्टिनने त्याला पुऱ्या दहा फेऱ्या खेळवले. सोप्या धड्यांची का होईना, ती एक शाळा होती. आणि १९ एप्रिल १९९१ रोजी अटलांटिक सिटीत बेचाळीसाव्या वर्षी तो ज्याच्यापुढे उभा राहिला, तो होलिफील्ड तेव्हा निर्विवाद विश्वविजेता होता. फोरमन बारा फेऱ्या लढला आणि गुणांवर हरला. माझ्या दृष्टीने पुनरागमनाचे समर्थन १९९४च्या विजयात नाही, या पराभवात आहे. तयारी पारखून केली होती, परीक्षा पारखून घेतली नाही.

१९९४च्या रात्रीची गोष्ट तर याच्या उलट आहे, आणि मृत्युलेखांनी तीच सोडून दिली. जून १९९३मध्ये फोरमन टॉमी मॉरिसनकडून हरला होता. त्यानंतर सतरा महिने तो एकही लढत खेळला नाही, तरीही त्याला विश्वविजेतेपदासाठी संधी मिळाली. का? अपराजित मूररच्या गोटाला असा प्रतिस्पर्धी हवा होता, ज्याचे नाव तिकिटे खपवील आणि ज्याचे वय धोका कमी करील. एका नियामक संघटनेने तर ही लढत मान्य करायलाच नकार दिला होता. फोरमनला न्यायालयात जावे लागले. त्या रात्री पारखून घेतलेला प्रतिस्पर्धी फोरमनच होता. कूनीला ज्या मापाने मोजले गेले, त्याच मापाने त्यालाही मोजले गेले, आणि माप चुकले.

हे ज्याच्या वाट्याला आले, त्याने पुढे काय करावे? गाळलेला भाग येथे सुरू होतो. १९९५मध्ये टोनी टकरशी लढायला नकार दिल्यामुळे फोरमनचा एक पट्टा काढून घेतला गेला. एप्रिलमध्ये त्याने जर्मनीचा अ‍ॅक्सेल शुल्झ निवडला आणि गुणांवर विजय मिळवला. तो निकाल आजही वादग्रस्त आहे. पुनर्लढतीचा आदेश त्याने मानला नाही, तेव्हा दुसरा पट्टाही गेला. १९८७ साली दहा वर्षांच्या खंडानंतर केलेली पारख ही सावधगिरी होती. विश्वविजेता झाल्यावर केलेली पारख ही टाळाटाळ होती. तोच शब्द, तोच माणूस, पण दोन्हींची नैतिक किंमत वेगळी. टीकाकारांचा आरोप खरा होता, फक्त त्यांनी तो आठ वर्षे आधी केला. आणि तो करण्याची खरी वेळ आली, तेव्हा लास व्हेगासच्या कथेने बहुतेकांचे समाधान झालेले होते.

कथेचा सुबक शेवट आपण निवडतो, तेव्हा आपणही जोडच ठरवत असतो: आपल्या प्रतिपादनाला पेलेल असाच प्रसंग समोर घेतो. पुढच्या वेळी वर्गात १९९४ची ती रात्र सांगेन, तेव्हा शुल्झचे नावही सांगेन. विद्यार्थ्यांना कथा कमी आवडेल, हे मला ठाऊक आहे.