ओळख कुणाच्या नावावर?

‘चाळिशीनंतर नवं करिअर’ हा विषय हल्ली पुरवण्यांमधून आणि दिवाळी अंकांमधून वारंवार वाचायला मिळतो. सोबत फोटोही ठरलेला. छानशी साडी, हातात कॉफीचा मग, समोर लॅपटॉप. मुलं मोठी झाली, आता स्वतःसाठी जगा, राहून गेलेला छंद जोपासा, असा एकूण सूर. वाचायला बरं वाटतं. पण नाशिकमध्ये बचत गटांचं आणि समुपदेशनाचं काम करताना ज्या बायका मला भेटतात, त्यांच्यातली छंद म्हणून काम शोधणारी विरळाच. कुणाच्या नवऱ्याची अंबडची कंपनी बंद पडली. कुणाच्या नवऱ्याने सातपूरला वीस वर्षं काढून व्हीआरएस घेतली आणि ते पैसे दोन वर्षांत मुलीच्या लग्नात नि घराच्या हप्त्यांत संपले. कुणी अचानक एकटीच पडली. या बायकांना स्वतःचा शोध वगैरे घ्यायचा नसतो. त्यांना पुढच्या महिन्याच्या आत हातात पैसे हवे असतात.

आणि नेमकी तेव्हाच जाहिरातीतली वयाची अट आडवी येते. राज्य सरकारच्या बहुतेक पदांना खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ वर्षं ही मर्यादा. अंगणवाडी सेविकेच्या भरतीला ३५, विधवा असेल तर ४०. म्हणजे दोन मुलं वाढवलेली, वस्तीतल्या प्रत्येक घरात जिचं जाणं-येणं आहे, अशी ४२ वर्षांची बाई अंगणवाडीला चालत नाही! आशा कार्यकर्तीसाठी तेवढं ४५ पर्यंत दार उघडं आहे. मोठ्या कंपन्यांमध्येही काही वेगळं घडलं नाही असं नाही. टाटा समूहाने २००८ मध्ये, मध्येच नोकरी सोडाव्या लागलेल्या स्त्रियांसाठी परतण्याची खास योजना काढली. चांगलीच गोष्ट. पण ती ज्यांच्याकडे आधीची पदवी आणि आधीचा अनुभव आहे त्यांच्यासाठी. बी.ए. झाल्याबरोबर लग्न झालेल्या आमच्यासारख्यांचा अनुभव कोणत्या रकान्यात लिहायचा?

मग राहतात त्या ओळखी. पुरुषांच्या जगात याला ‘नेटवर्किंग’ असं भारदस्त नाव आहे. क्लबात, गोल्फच्या मैदानावर, उद्योजकांच्या मेळाव्यात कार्डं देतात-घेतात ते. बायकांना वाटतं, आपल्याकडे असलं काही नाही. पण खरं सांगू? पंचेचाळिशीच्या नाशिककर गृहिणीच्या ओळखी मोजायला बसलं तर तिचा नवरा मागे पडेल. शाळेच्या फाटकापाशी दहा वर्षं उभं राहून जोडलेल्या आया, भिशी, सोसायटीचं हळदी-कुंकू, भजनी मंडळ, माहेरच्या गल्लीतल्या मैत्रिणी, सावानात पुस्तकं बदलताना भेटणाऱ्या दोघी-तिघी. कामं कुणाकडे अडतात आणि कुणामुळे सुटतात, हे तिला तोंडपाठ असतं.

अडचण कुठे आहे, ते तुमच्याच मोबाइलमध्ये बघा. नावं कशी साठवलेली आहेत? ‘ओमची आई’, ‘सी विंग काकू’, ‘भिशी मंगल’, ‘जोशी मॅडम शाळा’. आणि आपलं नावही तिकडे तसंच, कुणाची तरी आई किंवा कुणाची तरी वहिनी म्हणून. पंधरा वर्षं रोज भेटणाऱ्या बाईला काय येतं, ती लग्नाआधी काय शिकली, हे आपल्याला ठाऊक नसतं. तिनेही कधी सांगितलेलं नसतं. ओळख भरपूर, पण ती नात्याच्या खात्यावर जमा. कामाच्या खात्यावर शून्य. माझं म्हणणं एवढंच आहे, की चाळिशीनंतर काम शोधणाऱ्या बाईला नव्या ओळखी मागाहून लागतात. आधी असलेल्या ओळखींना आपलं काम कळावं लागतं.

हे आजचंच नाही. आपल्या गावाशी नातं असलेलाच दाखला देते. न्यायमूर्ती रानडे १८७८ मध्ये बदलून नाशिकला आले, तेव्हा रमाबाई पंधरा-सोळा वर्षांच्या होत्या. लोकांसमोर त्या पहिल्यांदा बोलल्या त्या इथेच, नाशिकच्या हायस्कुलात. भाषण मात्र न्यायमूर्तींनी लिहून दिलेलं. पुढची वीस-बावीस वर्षं त्यांच्या ओळखी म्हणजे न्यायमूर्तींच्या घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या. जानेवारी १९०१ मध्ये न्यायमूर्ती गेले. रमाबाई चाळिशीला टेकलेल्या. वर्षभर त्या घराबाहेरसुद्धा फारशा पडल्या नाहीत. त्यानंतर मात्र येरवड्याच्या तुरुंगातल्या बायकांना भेटायला जाऊ लागल्या, १९०४ मध्ये मुंबईच्या भारत महिला परिषदेच्या अध्यक्ष झाल्या आणि १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं केलं. तिथे बायका परिचारिका झाल्या, शिक्षिका झाल्या, स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. माणसं बरीचशी तीच होती, न्यायमूर्तींना मानणारी. पण आता ती रमाबाईंच्या कामासाठी त्यांच्याकडे येत होती. नवऱ्याच्या नावावरची ओळख त्यांनी कामाच्या नावावर करून घेतली. यात कमीपणा कसला? त्या ओळखी टिकवायला चहापाणी, पाहुणचार कुणी केला होता?

कुणी म्हणेल, रमाबाईंचं ठीक आहे हो, एवढ्या मोठ्या घरातल्या. म्हणून मला पार्वतीबाई आठवले जास्त जवळच्या वाटतात. जन्म १८७० चा, कोकणातल्या देवरुखचा. तरुणपणी वैधव्य, पदरात एक मुलगा, त्या काळच्या रिवाजाप्रमाणे केशवपन झालेलं. महर्षी कर्व्यांच्या पत्नी बाया कर्वे या त्यांच्या सख्ख्या बहीण. त्या आधाराने त्या पुण्याला आल्या, मोठ्या वयात शिकल्या आणि हिंगण्याच्या आश्रमाचं काम करू लागल्या. काम कोणतं? तर वर्गणी मागण्याचं. गावोगाव जायचं, अनोळखी घराची कडी वाजवायची, चारचौघांत उभं राहून बोलायचं आणि पैसे मागायचे. तेही विधवेचं तोंड बघणं अपशकुन मानणाऱ्या काळात. दारातून परत पाठवलं तर पुढच्या दारी जायचं. आजच्या कुठल्याही मार्केटिंगच्या क्लासमध्ये याहून अवघड काही शिकवत नसतील.

पुढचं तर ऐका. १९१८ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, या बाई इंग्रजी शिकायला अमेरिकेला गेल्या. जवळ फारसा पैसा नाही, भाषा येत नाही. तिथे पोटासाठी त्यांनी लोकांच्या घरी घरकाम केलं. १९२० मध्ये परत आल्या आणि १९२८ मध्ये ‘माझी कहाणी’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध केलं. पुस्तक मिळालं तर जरूर वाचा. घरकाम केल्याचं त्यांनी लपवलं नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं. आपल्याकडे बाई आयुष्यभर घरात जे फुकट करते तेच तिने बाहेर मोल घेऊन केलं, की लगेच घराण्याची अब्रू जाते. डबे देणाऱ्या, पोळ्या लाटून देणाऱ्या, आजारी म्हातारीजवळ रात्रभर बसणाऱ्या किती तरी जणी अजूनही ‘सासरी सांगू नका हं ताई’ असं मला बजावतात. न सांगितलेलं काम वाढणार कसं?

सांगण्याने काय होतं त्याचं एक उदाहरण माझ्या डोळ्यांसमोर आहे. कामानिमित्त ओळख झालेल्या चव्वेचाळीस वर्षांच्या एका बाईंचे यजमान अचानक गेले. मुलगा बारावीत. दिवस झाले, लोक येऊन गेले. डबे आले, धीर दिला, ‘काही लागलं तर सांगा’ म्हणून सगळे उठले. महिना झाला तरी कुणी कामाचं बोललं नाही, कारण त्या काम शोधताहेत हे कुणाला माहीतच नव्हतं. दुःखातल्या बाईला नोकरीचं कसं विचारायचं, हाही संकोच. शेवटी त्याच भिशीत बोलल्या. ‘मला नोकरी हवी आहे. हिशेब ठेवता येतो.’ एवढंच. आता या बाई भिशीचा आणि सोसायटीचा हिशेब अठरा वर्षं सांभाळत होत्या. रुपयाची चूक कधी नाही, आणि ते त्या खोलीतल्या वीसजणींना माहीत होतं. त्यातल्या एकीचे यजमान कर सल्लागार. त्यांच्या ऑफिसात आधी पावत्या लावायचं काम मिळालं, मग टॅली शिकल्या. पगार सुरुवातीला अगदी तुटपुंजा होता, हेही सांगायला हवं. पण कोणत्याही मुलाखतीत सिद्ध करता आला नसता असा अठरा वर्षांचा पुरावा त्यांच्या भिशीच्या वहीत होता. आणि त्याला वीस साक्षीदार होत्या.

आता थोडं कडू बोलते. बाईच्या कामाचे पैसे बुडवण्यात आपण बायकाच पुढे असतो. मॉलमध्ये छापील किंमत मुकाट्याने देणारी बाई मैत्रिणीकडून पंचवीस पुरणपोळ्या घेताना म्हणते, ‘घरचंच आहे ना, मग काय एवढं?’ आणि करणारीही म्हणते, ‘जाऊ दे, तुझ्याकडून काय घ्यायचं.’ डाळ-गुळाचे पैसे सुटले तरी खूप. मेहनतीचं तर नावच नको. मग सहा महिन्यांत पाठ धरते, कंबर धरते, आणि घरातले म्हणतात, ‘बघ, तुला झेपत नाही.’ अहो, तिला काम झेपत नव्हतं असं नाही, तो भाव झेपत नव्हता! मैत्रिणीला सवलत द्यायची तर जरूर द्या, पण आधी पूर्ण भाव सांगा आणि मग सवलत द्या. म्हणजे दोघींनाही कळेल किती दिलं. आणि जमल्यास उद्यम नोंदणी करून टाका. २०२० पासून ती ऑनलाइन आहे, आधारवर होते आणि तिला शुल्क नाही. ‘करून देते’चे पैसे मागणाऱ्या एजंटाच्या नादी लागू नका.

ओळखीवर सगळं चालावं, असं मात्र मी म्हणणार नाही. सिडकोतल्या भिशीत कर सल्लागाराची बायको असते. वस्तीतल्या बचत गटात सगळ्याजणी एकाच परिस्थितीतल्या. एकीला काम नाही तर दुसरीलाही नाही. तिथे ‘नेटवर्किंग करा’ हा सल्ला म्हणजे रिकाम्या डब्यांची अदलाबदल. तिच्यासाठी वयाची अट शिथिल करणं हे सरकारचंच काम आहे, आणि अंगणवाडीसारख्या कामात तर अनुभवी बाई आधी घ्यायला हवी. आपल्याला करता येईल ते एवढंच, की या दोन खोल्यांमधली भिंत थोडी पाडायची. कॉलेज रोडच्या बाईने वस्तीतल्या गटाकडून कुरडया, पापड घ्यायचे, तर पावती घेऊन, पुढच्या वर्षीची ऑर्डर आधी देऊन घ्यायचे. ‘गरिबाला मदत’ म्हणून एकदाच घेऊन विसरायचं नाही.

भिंत पाडणारी एक जागा आपल्या नाशकातच आहे. गंगापूर धरणाजवळचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. १९८९ मध्ये सुरू झालं, ब्रीद ‘ज्ञानगंगा घरोघरी’. प्रवेशाला वयाची वरची अट नाही. बऱ्याचजणी तिथे पदवीच्या कागदासाठी जातात, आणि तो मिळतोही. पण मला विचाराल तर अभ्यासकेंद्रावरच्या वर्गातला शेजारचा बाक हा तिथला मोठा लाभ. त्या बाकावर रिक्षावाल्याची बायको बसते, पोलीस शिपाई बसते, मोठ्या बंगल्यातली सूनही बसते. कुणी कुणाची आई किंवा वहिनी म्हणून आलेली नसते. हजेरीत प्रत्येकीचं स्वतःचं नाव.

आमच्या भिशीत या वर्षापासून आम्ही एक जादा वही ठेवली आहे. पैशांच्या वहीशेजारीच असते ती. प्रत्येकीने तीन ओळी लिहायच्या. काय येतं, त्याचे किती घेते, आणि काय शिकायचं किंवा शोधायचं आहे. पहिल्या महिन्यात नुसती हसाहशी झाली. एकीने ‘झोपा काढता येतात’ असं लिहिलं. दुसऱ्या महिन्यात तीच बाई खाडाखोड करून नीट लिहून गेली. ‘किती घेते’ ही ओळ अजून निम्म्याजणी रिकामी सोडतात. मागच्या खेपेला एकीने लिहिलं, ‘शिवण येतं, पण आता डोळे साथ देत नाहीत. दुकानात गल्ल्यावर बसायचं काम चालेल.’ वही पुढे सरकली, आणि शेजारच्या बाईने स्वतःचं काही लिहायच्या आधी तिच्या ओळीखाली आपल्या भावाच्या स्टेशनरीच्या दुकानाचा नंबर लिहिला.