नाव ठेवावे, नावे ठेवू नयेत

२०२५ च्या पावसाळ्यात आमच्या घरात पंधरा दिवस एकच विषय चालला होता. कोणाचे लग्न नाही, कोणाची बदली नाही, गावाकडच्या जमिनीची तारीखही नाही. विषय होता कुत्र्याच्या नावाचा. आणि तेही फ्रेंच नाव!

झाले असे, की आमच्या कचेरीतल्या एका सहकाऱ्यांकडे पांढरी पॉमेरियन कुत्री आहे. मे महिन्यात तिला चार पिल्ले झाली. त्यातले एक, मादी, आमच्या पदरात पडले. ओंजळीत मावेल एवढे. आमचे घर दोन खोल्यांचे. मोठा कुत्रा आणला असता तर आम्हालाच व्हरांड्यात झोपावे लागले असते, म्हणून हे लहानखुरे जनावर सर्वांना पसंत पडले. प्रश्न नावाचा उरला.

धाकटे चिरंजीव म्हणाले, "टायगर." सौ. म्हणाल्या, "मोती बरं आहे, सोपं." आमच्या आईचे म्हणणे, "यू यू केलं की कुत्रं येतंच. नाव कशाला पायजे?" पण लेक त्या वर्षी अकरावीला गेली होती, आणि मार्क चांगले मिळतात म्हणून तिने फ्रेंच हा विषय घेतला होता. भाषा नवी, उत्साह नवा. तिने जाहीर करून टाकले, "हिचं नाव फ्रेंचच ठेवायचं." आणि वही उघडून ती यादी वाचू लागली.

पहिले नाव 'बिजू'. फ्रेंचमध्ये याचा अर्थ दागिना. तिकडे लहान कुत्र्यांना हे नाव पुष्कळ ठेवतात. पण केरळात बिजू हे माणसाचे नाव असते, आणि आमच्या वरच्या मजल्यावर एक केरळी कुटुंब राहते. उद्या जिन्यात उभे राहून "बिजू, गप्प बस!" असे ओरडलो तर शेजारधर्माचे काय? नाव बाद.

दुसरे 'शूशू'. म्हणजे लाडका. हे ऐकताच आईने पदर तोंडाला लावला. "शूशू म्हणून हाक मारायची, आन् मग गादी ओली झाली म्हणून वरडायचं व्हय?" तेही बाद.

तिसरे 'प्यूस'. याचा अर्थ चक्क पिसू! फ्रान्समध्ये आईबाप लेकराला लाडाने 'माझी पिसू' म्हणतात. सौ. म्हणाल्या, "आपण पिसवांची पावडर आणायची आणि नावच पिसू?" सगळे हसले. पण आपल्याकडे तरी वेगळे काय आहे? आपणही पोराला मांडीवर घेऊन 'माकडा' म्हणतोच की. आईच्या तोंडी तो लाड असतो. तोच शब्द परक्याने उच्चारला तर शिवी होते.

'नोआझेत' म्हणजे एक प्रकारचे बदामासारखे फळ. ते आईच्या जिभेवर बसेना. नाव कितीही गोड असले तरी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला उच्चारता आले पाहिजे, हा नियम आम्ही तिथेच करून टाकला. हा नियम मोठमोठ्यांनाही पाळावा लागला आहे. टिनटिनच्या चित्रकथा अनेकांनी वाचल्या असतील. बेल्जियमच्या हर्जे या चित्रकाराने १९२९ साली त्या सुरू केल्या. त्यातला टिनटिनचा पांढरा छोटा कुत्रा मूळ फ्रेंचमध्ये 'मिलू' आहे. इंग्रजीत तो 'स्नोई' झाला आणि बंगालीत 'कुट्टूस'. कुत्रा तोच, पण हाक मारणाऱ्यांची जीभ बदलली तशी नावे बदलली.

यानंतर लेकीने जी माहिती काढली, ती ऐकून आमच्यासारख्या कारकुनाचा जीव सुखावला. फ्रान्समध्ये जातिवंत कुत्र्यांची एक नोंदवही आहे, १८८५ पासून चालत आलेली. १९२६ पासून तिच्यात असा रिवाज आहे, की ज्या वर्षी पिल्लू जन्मले त्या वर्षाचे एक अक्षर ठरलेले असते आणि त्या वर्षीच्या पिल्लांची नावे त्याच अक्षराने सुरू करायची. रोमन लिपीतली सव्वीस अक्षरे, त्यांतली के, क्यू, डब्ल्यू, एक्स, वाय आणि झेड ही सहा अक्षरे नावे सुचायला अवघड म्हणून गाळलेली. राहिली वीस. म्हणजे वीस वर्षांनी फेरा पूर्ण होतो. १९८५ ला 'ए', २००५ ला 'ए', आणि २०२५ लाही 'ए'. नाव ऐकले की कुत्र्याचे वय कळते! साध्या, बिननोंदीच्या कुत्र्यांना हे बंधन नाही, तरी तिकडे पुष्कळ लोक हौसेने ते पाळतात. आपल्या आवक-जावक रजिस्टरात फाइलला वर्षवार नंबर पडतो, तसलाच हा प्रकार. आमचे पिल्लू २०२५ चे. नाव 'ए' ने सुरू व्हायला हवे, एवढे नक्की झाले.

इथे आई एकदम बोलली. इतका वेळ ती हसत होती, पण आता तिचा आवाज वेगळा होता.

"तुझ्या आज्याचं नाव धोंडिबा. पर गावात धोंड्या सोडून दुसरी हाक त्यांनी ऐकली न्हाई. डोईवरचे केस पांढरे झाले तरी पाटलाचं शेंबडं पोरगं 'ए धोंड्या' म्हनायचं. आन् हितं कुत्र्याच्या नावासाठी तुमी वही काढून बसलाय."

लेकीने वही मिटली. घरात थोडा वेळ कोणी बोलले नाही. आईचे म्हणणे आम्हाला खोटे वाटले नाही.

तसे पाहिले तर धोंडू, दगडू, कचरू ही नावे केवळ आपल्याच लोकांत होती असे नाही. पहिली लेकरे जगत नसली की पुढच्याला असे नाव ठेवत, म्हणजे मृत्यूने त्याच्याकडे ढुंकून पाहू नये. त्या नावामागे आईची भीती होती आणि मायाही होती. पण धोंडिबाचा 'धोंडिबा' राहू न देता जन्मभर 'धोंड्या' करणे, ही माया नव्हे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात कोणत्या वर्णाचे नाव कसे असावे हे सांगितले आहे. ब्राह्मणाचे मंगल, क्षत्रियाचे बलाचे, वैश्याचे धनाचे, आणि शूद्राचे? निंद्य! म्हणजे माणसाला नाव ठेवतानाच त्याला नावे ठेवून घ्यायची.

त्या रात्री लेकीला बरोबर घेऊन आम्ही फ्रान्सच्या नावांचाच आणखी शोध घेतला. पाहतो तो तिथेही हाच हिशेब. १६८५ मध्ये चौदाव्या लुई राजाच्या कारकिर्दीत त्यांच्या वसाहतींतल्या गुलामांसाठी एक कायदा झाला. त्यात गुलामाला जंगम मालमत्ता ठरवले होते. आम्ही बी.कॉम. झालेली माणसे. जंगम मालमत्ता म्हणजे खुर्ची, टेबल, बैल, गाडा हे आम्हाला ठाऊक. तिथे माणूस त्या रकान्यात! त्याला आडनाव नाही. मालक देईल ते एक नाव, बस्स. कधी ग्रीक-रोमन इतिहासातले एखादे भारदस्त नाव देत, सीझर वगैरे, पण मालकी तीच. १८४८ साली गुलामगिरी संपली आणि मार्टिनिक, ग्वाडेलूप या बेटांवर हजारो माणसांना आडनावे देण्याची पाळी सरकारी कारकुनांवर आली. त्यांनी नोंदवह्या उघडल्या आणि सुचेल ते लिहीत गेले. काही नावे बरी होती, काही निव्वळ थट्टेची. त्या कारकुनाच्या लेखणीचे नाव त्यांची नातवंडे-पतवंडे लावीत राहिली. आमच्या टेबलावरही रोज लोकांची नावे येतात. एखाद्याचे नाव चुकीचे लिहिताना आपला हात थरथरत नाही, हे त्या रात्री आम्हाला प्रथमच जाणवले.

खुद्द फ्रान्समध्येही माणसांना मोकळीक नव्हती. १८०३ च्या कायद्याप्रमाणे मुलाचे नाव पंचांगातल्या संतांचे किंवा प्राचीन इतिहासातल्या माणसाचेच असावे लागे. पुढे ते बंधन सैल होत गेले, आणि मनाजोगते नाव ठेवण्याचा हक्क आईबापांना पुरतेपणी मिळाला तो १९९३ च्या कायद्याने. त्यांना कायद्याची वाट पाहावी लागली. आपल्याकडे १९५६ नंतर घरोघर सिद्धार्थ, राहुल, प्रज्ञा, संघमित्रा जन्माला आले, त्यासाठी कोणाचा अर्ज केला नव्हता. धोंडिबाच्या घरात आमचे नाव काय ठेवायचे हे आमच्या आईबापांनी ठरवले, पाटलाने नव्हे.

सकाळी आम्ही आईजवळ बसलो. म्हटले, "आई, आज्याला ज्यांनी धोंड्या म्हटलं त्यांच्या हातात सत्ता होती, आणि आज्याला उलट बोलायची सोय नव्हती. आज हे पिल्लू आपल्या हातात आहे, आणि त्यालाही उलट बोलता येत नाही. म्हणूनच वही काढली." आई काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "बाबासायबांच्या घरी बी कुत्रं व्हतं म्हनं." होते. राजगृहावर १९३४ साली काढलेल्या घरच्या मंडळींच्या छायाचित्रात त्यांचा आवडता टॉबीही आहे.

मग घरात बसून नियम ठरले. नाव दोन अक्षरी असावे, म्हणजे कुत्र्याला चटकन ओळखू येते. 'बस', 'नको' अशा हुकमांसारखे ते वाजू नये. ज्यांना आपण वंदन करतो त्यांचे नाव नको. आणि कोणाचा सूड म्हणूनही नाव नको. खालच्या मजल्यावरच्या एका तरुणाने आम्हाला अगदी आग्रहाने एका विरोधी पुढाऱ्याचे नाव सुचवले होते. आम्ही हात जोडले. त्यात पुढाऱ्याचे काही बिघडत नाही, आपल्या घरात मात्र रोज सकाळी एक शिवी उच्चारली जाते.

'ए' अक्षराची नावे लेकीने वाचली. 'आलिझे', म्हणजे समुद्रावरचे व्यापारी वारे. 'आबेय', म्हणजे मधमाशी. आणि 'आमी'. आमी म्हणजे मित्र. मैत्रीण असेल तर तिकडे शेवटी एक अक्षर जास्त लिहितात, उच्चार तोच राहतो. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात करुणा आणि मैत्री यांतला फरक सांगितला आहे. करुणा माणसांपुरती, मैत्री सर्व प्राणिमात्रांसाठी. तेव्हा याहून चांगले नाव आम्हाला कुठे मिळणार होते? आईने दोनदा म्हणून पाहिले. "आमी. आमी. हे जमतंय."

जमणारच! आमच्या गावाकडे 'आम्ही'ला 'आमी'च म्हणतात. त्याने घोटाळे मात्र फार होतात. एकदा आई दारात उभी राहून ओरडली, "आमी कुठं गेली गं?" तर दूधवाला म्हणाला, "आजी, तुम्ही तर इथंच आहात!"

आता आमी मोठी झाली आहे, म्हणजे मांजराएवढी. तिला रागावताना तिचे नाव घ्यायचे नाही, जेवायला आणि फिरायला बोलावतानाच घ्यायचे, हा शेवटचा नियम आईने घातला, आणि तो सर्वांत जास्त तीच पाळते.

हा मजकूर लेकीला वाचून दाखवला. ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही सगळीकडे 'आम्ही, आम्ही' लिहिलंय. वाचणाऱ्यांना वाटेल, हे कुत्रीनंच लिहिलंय." वाटले तर वाटू द्या. त्या नावाची आम्हाला लाज नाही.