स्वप्नचित्रांना क्रियापदं हवीत

घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीकडची माणसं सुटीच्या दिवशी लोकलने चर्चगेटला किंवा सीएसएमटीला उतरतात आणि जहांगीर कलादालन गाठतात. चित्रात घर हवेत तरंगत असेल, माणसाच्या धडावर पक्ष्याचं डोकं असेल, तर जरा थबकतात, ‘सर्रिअल आहे’ म्हणतात आणि पुढच्या चित्राकडे वळतात. थोडी वाचलेली मंडळी ‘अतिवास्तव’ म्हणतात आणि तीही पुढे वळतात. चित्राबद्दल आणखी काही सांगा म्हटलं की उत्तर ठरलेलं असतं: मराठीत अशा चित्रांविषयी बोलायला शब्दच नाहीत, ही कला बाहेरून आली, तिची भाषाही बाहेरूनच यायची.

हे म्हणणं मला साफ नामंजूर आहे. शब्द भरपूर आहेत. एका शब्दावर काम भागवायची सवय लागल्यामुळे ते वापरात येत नाहीत.

आधी त्या एका शब्दाचं पाहू. ‘सर्रिअलिझम’ हा शब्द कवी अपोलिनेरने १९१७ साली वापरला आणि १९२४ साली पॅरिसमध्ये आंद्रे ब्रेताँने जाहीरनामा काढून त्याची चळवळ केली. ब्रेताँ वैद्यकीचा विद्यार्थी. पहिल्या महायुद्धात मन उद्ध्वस्त झालेल्या सैनिकांच्या रुग्णालयात त्याने काम केलं होतं आणि तिथे फ्रॉइडच्या कल्पना जवळून पारखल्या होत्या. मनावरचा पहारा उठवून जे येईल ते लिहायचं, ही त्या चळवळीची रीत. म्हणजे हे एका काळाचं, एका गटाचं, एका कार्यक्रमाचं नाव आहे. त्या नावाला ‘अतिवास्तववाद’ हा प्रतिशब्द चांगला आहे, माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण चळवळीचं नाव चित्रावर चिकटवलं म्हणजे चित्राचं वर्णन झालं, हे कसं मान्य करायचं?

दालीचं १९३१ सालचं घड्याळांचं चित्र घ्या. जगभर ते पोस्टरांवर एवढं मोठं करून छापलं गेलं की मूळ चित्र जेमतेम २४ × ३३ सेंटिमीटरचं आहे, हे सांगितलं तर लोक दचकतात. त्यात एक घड्याळ झाडाच्या फांदीवरून लोंबतंय, एक कठड्याच्या कडेवरून ओघळतंय आणि त्याच्यावर माशी बसलीय, एक कुठल्याशा झोपलेल्या, ओळख न पटणाऱ्या देहावर पसरलंय. चौथं तेवढं घट्ट आहे, पालथं, बंद; आणि नेमक्या त्याच घट्ट घड्याळावर मुंग्या चढल्यात. जे मऊ झालंय ते ओघळतंय, जे कडक राहिलंय त्याला मुंग्या लागल्यात. हे सांगायला मला एकही परका शब्द लागला नाही. लोंबणं, ओघळणं, पसरणं, मुंग्या लागणं, ही आपल्या स्वयंपाकघरातली क्रियापदं आहेत आणि चित्राचा जीव त्यांच्यातच आहे.

आता आपले चित्रकार प्रभाकर बरवे यांच्याकडे या. अलिबागजवळच्या नागावचा जन्म, साल १९३६. जे. जे. स्कूलमध्ये शिक्षण, पुढे विणकर सेवा केंद्रात नोकरी, त्यातली काही वर्षं बनारसला, मृत्यू १९९५. २०१९ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं मोठं सिंहावलोकनी प्रदर्शन झालं. त्यांच्याही चित्रांत घड्याळं आहेत, पानं आहेत, फळं, शंख, ढग आहेत. त्यांनाही सर्रास ‘सर्रिअल’ म्हटलं गेलं. पण बरव्यांचं घड्याळ ओघळत नाही. ते नीटनेटकं राहतं, काठ स्पष्ट, एनॅमल रंगाचा सपाट गुळगुळीत पृष्ठभाग, घाई कुठेच नाही. विपरीत काही घडलंच असेल तर ते वस्तूच्या पत्त्यात घडलंय. ती भिंतीवरून, झाडावरून, टेबलावरून सुटलीय आणि अधांतरी येऊन थांबलीय. तिच्या शेजारी जिच्याशी तिचा कधी संबंध नव्हता अशी दुसरी वस्तू आहे, आणि दोघींच्या मध्ये मोकळी जागा आहे. ती जागा रिकामी वाटत नाही, ताणलेली वाटते. दालीकडे पदार्थ बदलतो, बरव्यांकडे पदार्थ तसाच राहून त्याची नाती तुटतात. पहिला अनुभव तापातल्या स्वप्नाचा, दुसरा पहाटेच्या अर्धवट जागेपणाचा, जेव्हा समोरची वस्तू दिसते पण तिचा उपयोग आठवत नाही. या दोघांना एकच शब्द लावणारा माणूस दोघांपैकी एकाकडेही नीट बघत नाही.

आणि मराठीत शब्द नाहीत म्हणणाऱ्यांनी निदान बरव्यांचं ‘कोरा कॅनव्हास’ उघडावं. वस्तू, आकार, अवकाश यांविषयी चित्रकाराने स्वतः मराठीत केलेला तो विचार आहे. १९९० साली प्रसिद्ध झाला. भाषा अपुरी असती तर ते पुस्तक झालंच नसतं.

आता दुसरी बाजू, आणि ती मला पहिलीइतकीच घातक वाटते. ‘हे सगळं आमच्याकडे आधीपासून होतंच’ म्हणणारे. त्यांचा पुरावा बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आहे. कन्हेरीच्या ४१ क्रमांकाच्या लेण्यात अवलोकितेश्वराची चतुर्भुज मूर्ती आहे. तिच्या मुख्य मस्तकावर दहा लहान मस्तकं थराथराने चढत गेलीत. भारतात एकादशमुखी अवलोकितेश्वर फार दुर्मीळ. मूर्तीसमोर उभं राहिलं की मान आपोआप वर होत जाते, एकेका थरावर नजर अडते. हे पाहून ‘बघा, दीड हजार वर्षांपूर्वीचा सर्रिअलिझम’ असं कौतुकाने म्हटलं जातं. या कौतुकात मूर्तीचा अपमान आहे. ती घडवणाऱ्याला आणि तिच्यापुढे हात जोडणाऱ्याला अकरा मुखं अर्थपूर्ण होती, ठरलेली होती: सगळ्या दिशांची दुःखं पाहणारा करुणेचा बोधिसत्त्व, म्हणून मुखं अनेक. तिथे विस्मय आहे, पण गोंधळ नाही. मुक्ताबाईच्या कूट अभंगाचंही तेच. सूर्य मुंगीच्या पोटात जातो खरा, पण कूटाला उकल असते आणि ती गुरूकडून मिळते. ब्रेताँच्या मंडळींना उकल नकोच होती. स्वप्नाला किल्ली लागते म्हणणारा आणि किल्ली फेकून देणारा, यांना एका पंगतीत बसवून परंपरेचा मोठेपणा सिद्ध होत नाही.

मग माझं म्हणणं काय? हेच की विशेषण बाजूला ठेवून क्रियापदापासून सुरुवात करावी. चित्रात काय सुटलं, काय वितळलं, काय उगवलं, कोणी कोणाला गिळलं, काय उफराटं झालं? आणि त्याच्या जोडीला, आपल्याला काय झालं? त्यासाठीही मराठीत फार बारीक भेद आहेत. भास होतो, भूल पडते, चकवा लागतो, झापड येते. या चार वेगळ्या घटना आहेत. चित्रकार माक्स एर्न्स्टने १९२५ साली लाकडी जमिनीवर कागद ठेवून त्यावर काळं शिसं घासलं आणि फळ्यांच्या रेषांतून त्याला जंगलं, पक्षी, प्राणी दिसू लागले. पावसाळ्यात इमारतीच्या भिंतीला ओल येते आणि त्या डागात अंथरुणावरून माणसाचं तोंड दिसतं, तसं. याला भास म्हणतात, आणि एर्न्स्टच्या त्या कामाला याहून नेमका शब्द कुठल्याही भाषेत असेल असं मला वाटत नाही. जोर्जो द किरिकोच्या चित्रांतले चौक वेगळे. रिकाम्या कमानी, लांबच लांब सावल्या. सगळं ओळखीचं, तरी बाहेर पडायची वाट सापडत नाही, कारण इमारतींच्या रेषा एका बिंदूकडे जातच नाहीत, प्रत्येक इमारत वेगळ्या डोळ्याने पाहिलेली आहे. कोकणातून उपनगरांत आलेल्या कुठल्याही घरात विचारा, रानात माणूस फिरून फिरून त्याच जागी येतो त्याला काय म्हणतात. चकवा. द किरिकोच्या चित्रात चकवा लागतो, असं म्हटलं की त्याच्या तंत्राचं आणि परिणामाचं, दोन्हींचं वर्णन एकदम होतं.

कधीकधी सैल शब्द नुसता आळशी राहत नाही, अन्याय करतो. चित्रकार अतुल डोडिया घाटकोपरचे. दुकानाच्या लोखंडी शटरवर त्यांनी चित्रं रंगवली. २००१ साली लंडनच्या टेट मॉडर्नमधल्या ‘सेंच्युरी सिटी’ प्रदर्शनात अशी शटरं होती. त्यांच्या ‘महालक्ष्मी’ (२००२) या कामात शटरवर लक्ष्मी आहे, आणि शटर वर सरकलं की आत हुंड्याच्या विवंचनेतून गळफास घेतलेल्या तीन बहिणी. याला ‘सर्रिअल’ म्हणणं म्हणजे त्या बहिणींना स्वप्नात ढकलून मोकळं होणं. त्या स्वप्नातल्या नव्हेत. इथलं क्रियापद ‘उघडणं’ आहे, रोज सकाळी बाजारात होतं तेच, आणि लक्ष्मी वर सरकल्याशिवाय मुली दिसत नाहीत, हा या कामाचा सगळा भार आहे. चित्रकार अंजू डोडिया यांनी गाद्यांवर चित्रं रंगवली आहेत. तिथे स्वप्नाचा उल्लेख खुशाल करावा, पण ज्या गादीवर देह टेकतो तिच्यावरच चित्र आलंय, हे आधी बोलावं.

कोणी म्हणेल, क्रियापदं ही नुसती नोंद झाली, समीक्षा कुठे आहे? दालीच्या मुंग्या कडक घड्याळावरच का, हा प्रश्न नोंद केल्याखेरीज सुचतच नाही. समीक्षा त्या प्रश्नापासून सुरू होते.

म्हणून माझी मागणी साधी आहे आणि ती चित्रकलेच्या शिक्षकांकडे आहे. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या तयारीत आपली मुलं वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र हे शब्द सहज बोलतात. त्याच वर्गात एक तास दालीचं घड्याळ आणि बरव्यांचं घड्याळ शेजारी लावावं आणि एवढंच विचारावं: हे काय करतंय, ते काय करतंय? मुलांची उत्तरं त्यांच्याच शब्दांत फळ्यावर उतरवावी. अतिवास्तववाद हे नाव त्यानंतर सांगावं, १९२४ या सालासकट.