उद्या किती तांदूळ शिजवायचा?

गेल्या शनिवारी एका शाळेत ‘कृत्रिम बुद्धिमत्ता कक्षा’च्या उद्घाटनाला गेलो होतो. गाव, तालुका सांगत नाही; का, ते शेवटी कळेल. रांगोळी, शाल, श्रीफळ, पाहुण्यांना तुळशीचं रोप, सगळं यथास्थित. फीत कापून आत गेलो तर भिंतभर टचस्क्रीन, आणि त्याच्या काचेवर कंपनीची निळसर फिल्म तशीच चिकटलेली. काढायची नाही, असं शिपायाला बजावून ठेवलं होतं. ओरखडे पडतात म्हणे.

मग नववीतली एक मुलगी पुढे आली आणि तिने कृत्रिम बुद्धिमत्तेची व्याख्या एका दमात म्हणून दाखवली. टाळ्या. तिच्यामागे भिंतीवर फ्लेक्स होता: कोण, काय, कुठे, का? केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने (सीबीएसई) २०१९-२० पासून नववीला हा विषय ऐच्छिक म्हणून आणला, त्यातली ही चौकट. यंत्राला कामाला लावण्याआधी प्रश्न नीट मांडा, कोणाला अडचण आहे ते आधी लिहा, अशी तिची साधी आणि अगदी बरोबर शिकवण. या शाळेचा केंद्रीय मंडळाशी संबंध नाही, पण देणगीदाराने कक्षाबरोबर पुस्तिकाही दिली, आणि पुस्तिकेबरोबर प्रश्नही आला. मुलांनी चौकटीत लिहिलं होतं, ‘महानगरातील वाहतूक कोंडी.’

या गावात दिवसाला दोन एसट्या येतात. कोंडी होते ती ऊसतोडीच्या दिवसांत, साखर कारखान्याच्या वाटेवर.

‘हा प्रश्न कोणी निवडला?’ मी विचारलं.

‘पुस्तकात होता, सर.’

मुलांना हे शिकवणाऱ्या सरांचा यात दोष नाही. ते गणित आणि विज्ञान शिकवतात. त्यांचं या विषयाचं प्रशिक्षण मोबाइलवर आलेल्या एका लिंकवर झालं. चित्रफीत आवाज बंद करून चालू ठेवायची, शेजारी घटक चाचणीचे पेपर तपासायचे, आणि शेवटच्या प्रश्नावलीची उत्तरं तोवर कोणी तरी ग्रुपवर टाकलेलीच असतात. प्रमाणपत्र त्याच संध्याकाळी. सरांनी ते हसत हसत मला दाखवलं. शिक्षकांच्या डोक्यावर आणखी काय काय असतं याची यादी इथे पुन्हा देत नाही, त्यावर या जागेत तीन लेख झाले आहेत आणि एकानेही काही हललं नाही.

हे आठवण्याचं कारण असं की केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केलं, २०२६-२७ पासून तिसरीपासूनच कृत्रिम बुद्धिमत्ता आणि संगणकीय विचार. तिसरीपासून! माध्यमिकचं अजून बसलेलं नाही, तोवर पाया खणायला आणखी खाली निघालो. आणि हे काही पहिल्यांदा नाही. १९८४-८५ मध्ये ‘क्लास’ नावाच्या योजनेत आपल्या माध्यमिक शाळांत बीबीसी मायक्रो संगणक आले होते. त्या पिढीतल्या कोणत्याही निवृत्त मुख्याध्यापकाला विचारा, संगणकापेक्षा त्याच्या खोलीचं कुलूप त्यांना जास्त आठवतं. मग आयसीटी प्रयोगशाळा आल्या, ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ या टोलनाक्याच्या सूत्रावर. करार संपला, यंत्रं शाळेच्या नावावर झाली आणि ती चालवणारा कंत्राटी निदेशक घरी गेला. यंत्र हस्तांतरित होतं, माणूस होत नाही.

पण मला आज बोलायचंय ते यंत्राआधी त्याचं काम ठरवणाऱ्या पाबळबद्दल. हो, या सदरात पुन्हा पाबळ. ज्यांना कंटाळा आला असेल त्यांनी खुशाल शब्दकोड्याकडे वळावं.

शिरूर तालुक्यातलं हे कोरडवाहू गाव. हिंदुस्तान लीव्हरच्या संशोधन केंद्रातलं काम सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग १९८३ मध्ये तिथे गेले आणि विज्ञान आश्रम उभा राहिला. तिथून शाळांसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय तयार झाला, आठवी ते दहावीसाठी, आठवड्यातला एक दिवस. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य असे चार विभाग. एका मुलाने चारही करायचे. मुलीने वेल्डिंग करायचं, मुलाने चिक्की करायची, दोघांनी रक्तगट तपासायला शिकायचं, कोंबडीला लस टोचायची, घराचं वायरिंग करायचं, प्लेन टेबल लावून शेताचा नकाशा काढायचा. राज्याच्या माध्यमिक मंडळाने त्याला विषय म्हणून मान्यताही दिली.

चार विभागांचं कौतुक सगळेच करतात. मला त्यातली एक बारीक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. मुलांनी बनवलेली वस्तू शक्यतो कोणाला तरी हवी असलेली असायची. गावातल्या कोणाला गेट हवं, शाळेला बाकाची दुरुस्ती हवी, कोणाला माती तपासून हवी. मुलं माप घेणार, चित्र काढणार, मग कॉस्टिंग: लोखंड किती किलो, वेल्डिंग रॉड किती, वीज किती, मजुरी किती. आणि मग ते काम गिऱ्हाइकाला पैसे घेऊन द्यायचं. शिकवणारा निदेशक हा हातात कसब असलेला माणूस, बऱ्याचदा गावातलाच, बी.एड. असलाच पाहिजे असं नाही.

आता फ्लेक्सवरची चौकट पुन्हा बघा. कोण, काय, कुठे, का. पाबळच्या मुलाला ‘कोण’ या रकान्यात काय लिहू असा प्रश्न पडत नसे, कारण तो ‘कोण’ दारात उभा राहून ‘गेट झालं का रे’ म्हणून विचारत असे. चुकलं तर गेट बिजागरीत बसत नसे. त्याला परीक्षक लागत नाही. आमच्या शनिवारच्या शाळेतली वाहतूक कोंडी मात्र सुटली काय, न सुटली काय, कोणी विचारायला येणार नाही. ती प्रात्यक्षिक वहीत जाईल, वहीवर लाल शाईची सही होईल, आणि ती वही पुढच्या वर्षीच्या मुलांना उतरवायला मिळेल. गुणांऐवजी नुसती श्रेणी मिळणाऱ्या विषयांचं हेच झालं.

पाबळच्या कौतुकाने चिडलेलं एक पत्र मागच्या महिन्यात नागपूरच्या एका शिक्षिकेचं आलं. त्यांचं म्हणणं असं, की वेल्डिंगचं कौतुक शहरातली माणसं करतात. गावातल्या आईबापांना पोरगी इंजिनियर हवी असते आणि तो विषय ‘कमी मार्कांच्या पोरांचा’ होऊन बसतो. बाई, हे खरं आहे. पाबळचा प्रयोग चाळीस वर्षांत सगळ्या राज्याचा झाला नाही, याला हेही एक कारण आहे. नंतर तो ‘मल्टी स्किल’ नावाने कौशल्य विषयांच्या यादीत आला आणि यादीतल्या इतरांसारखाच दिसू लागला. पण पाबळ म्हणजे हातोडी आणि कोंबडी एवढंच समजू नका. अमेरिकेतल्या एमआयटीच्या नील गर्शनफेल्ड यांच्या मदतीने तिथे २००२ मध्ये फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या मदतीने वस्तू घडवण्याची कार्यशाळा, सुरू झाली. एमआयटीच्या बाहेर निघालेल्या अगदी पहिल्या काहींपैकी ती एक. तोवर पुण्यातल्या किती इंग्रजी शाळांनी लेझर कटर पाहिला होता, हे मला कोणी तरी कळवावं. नव्या यंत्राला पाबळची ना कधीच नव्हती. यंत्र कोणाच्या कामाला लावायचं, हे तिथे आधी ठरत होतं.

तर कृत्रिम बुद्धिमत्तेचं पाबळ कसं करायचं? उत्तर मला त्याच शाळेत, उद्घाटनानंतर, स्वयंपाकघराच्या दारात मिळालं.

शाळेत पाचवी ते आठवीला पोषण आहार आहे. सहावीपासून पुढे मुलामागे दीडशे ग्रॅम तांदूळ. मावशी चुलीपाशी बसल्या होत्या. रोज किती शिजवायचा ते कसं ठरवता, विचारलं. म्हणाल्या, ‘गुरुवारी बाजार, त्या दिवशी पोरं कमी. पाऊस लागला की वरच्या वस्तीवरची येत नाहीत. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी तर निम्मीच.’ मग जरा थांबून, ‘आणि मटकीची उसळ असली की आठवीचीपण दोनदा घेतात.’

दहा मीटरवरच्या कक्षात निळ्या फिल्मखाली जे यंत्र होतं, त्याने नेमकं हेच करायचं असतं. मागचं बघून पुढचा अंदाज. नववीच्या मुलांना वर्षभराचं आहाराचं रजिस्टर द्या. वार, पाऊस, बाजार, सण, त्या दिवशी काय शिजलं, असे रकाने पाडायला लावा. आधी नुसती वारांची सरासरी काढू द्या, कागदावर. मग एकेक रकाना जोडत जा. रोज सकाळी मुलांचा अंदाज आणि मावशींचा अंदाज फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. दुपारी पातेल्यात उरलं किती ते तोला. महिन्याअखेर कोणाची चूक कमी, ते मोजा. माझ्याकडे काही पुरावा नाही, पण पहिला महिनाभर मावशीच जिंकतील यावर मी पैज लावायला तयार आहे. त्या का जिंकल्या, याचा शोध घेताना मुलं जे शिकतील ते व्याख्येत नाही. मटकीचा रकाना आपण पाडलाच नव्हता, हे एखाद्या पोरीच्या लक्षात येईल, तो तास मला बघायचाय. खर्च, एक तागडी.

ही कल्पना मी तिथेच सरांना सांगितली. त्यांचे डोळे चमकले. त्यांनी रजिस्टर आणायला कपाटाकडे पाऊल टाकलं आणि थांबले.

कारण रजिस्टरात गुरुवार आणि सोमवार सारखेच होते. जत्रेच्या दुसऱ्या दिवशीही पंगत भरलेली. पाऊस वर्षभरात एकदाही पडला नव्हता. मावशींच्या डोक्यातला आकडा आणि वहीतला आकडा यांची गाठ कधी पडलीच नव्हती. खोट्या माहितीवर यंत्राला शिकवलं की ते खोटंच शिकतं, हा या विषयातला सगळ्यात मोठा धडा. तो शिकवायचा तर सुरुवात कुठून करावी लागेल, हे सरांना माझ्याआधी कळलं.

आणि सरकारी पैशाचं म्हणाल तर तो कमी नाही. २०१६ पासूनच्या अटल टिंकरिंग लॅबला वीस लाख रुपये अनुदान. २०२५ च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांसाठी पाच वर्षांत आणखी पन्नास हजार लॅब जाहीर झाल्या. थ्रीडी प्रिंटर येईल, सेन्सर येतील, आणि त्या खोलीची किल्ली पुन्हा बहुधा याच गणित-विज्ञानाच्या सरांकडे राहील. निदेशक नावाचं पद त्या वीस लाखांत मला तरी कुठे दिसलं नाही.

निघताना सर फाटकापर्यंत सोडायला आले. कपाट बंद करून आले होते. म्हणाले, ‘लिहा तुम्ही. पण शाळेचं नाव टाकू नका.’

टाकलेलं नाही.