बंदूक आहे, दारू कुठे आहे?



प्यायची दारू तालुक्याच्या नाक्यानाक्यावर मिळते. ठासणीच्या बंदुकीत भरायची दारू घ्यायला मात्र जिल्ह्याचे गाव गाठावे लागते, आणि परवान्यावरचा आकडा संपलेला असला तर तेथूनही हात हलवीत परत यावे लागते. मक्याच्या कणसात चीक भरला की रानडुकरांचा कळप एका रात्रीत उभे पीक झोपवतो. कळप काही परवाना पाहून येत नाही.

शस्त्रे आणि दारूगोळा हा विषय राज्यघटनेने केंद्राकडे ठेवला आहे. शस्त्र अधिनियम १९५९ चा, आजचे नियम २०१६ चे. कलम १३ मध्ये पीक संरक्षणाच्या ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख नावानिशी आहे. अर्जदार अपात्र नसेल आणि गरज खरी असेल, तर परवाना 'द्यावा' असे कायदा म्हणतो. 'देता येईल' असे म्हणत नाही. ठासणीच्या बंदुकीने भागत नसेल तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देण्याची सोयही तेथेच आहे. नाकारायचे तर बहुतेक वेळा कारण लेखी द्यावे लागते आणि त्यावर अपील करता येते. म्हणजे बंदुकीपुरता कायदा शेतकऱ्याच्या बाजूचा आहे.

अडते ते पुढे. वर्षाला किती दारूगोळा घ्यायचा आणि एका वेळी किती जवळ ठेवायचा, याचे रकाने परवान्यावर असतात. दुकानदार प्रत्येक विक्री नोंदवतो. या नोंदीला आमचा विरोध नाही. काडतूस कोणाच्या हाती गेले याचा हिशेब असलाच पाहिजे, नाहीतर शेतकऱ्याच्या नावावर भलताच कोणी शिकार करील. आमचे भांडण आकड्याशी आहे. आम्ही पाहिलेल्या कित्येक परवान्यांवर आजोबांच्या वेळचाच आकडा दर नूतनीकरणाला उतरवलेला आहे. क्षेत्र किती, पीक कोणते, जंगल किती लांब, हे कोणी विचारलेले नाही. आपणही सांगितलेले नाही, हेही कबूल करू.

मग शेजाऱ्याकडून चार काडतुसे उसनी आणली जातात. मिठासाखरेची उसनवार आणि ही उसनवार एक नव्हे. स्वतःजवळचा दारूगोळा दुसऱ्या परवानाधारकाला द्यायचा तरी आधी जिल्हादंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावे लागते. ज्याला परवानाच नाही त्याला दिला तर सरळ गुन्हा. वडील वारले आणि कोनाड्यात काडतुसे तशीच राहिली, तरी ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करावी लागतात. वारसाने परवान्यासाठी वेगळा अर्ज करायचा.

बंदुकीचा परवाना हा जनावर मारण्याचा परवाना नव्हे. रानडुक्कर आणि रोही २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहेत. उभ्या पिकाचे नुकसान दाखवून वनखात्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते. बंदूक एका कचेरीत, मारण्याची परवानगी दुसऱ्या, दारू तिसऱ्या ठिकाणी. त्यात निवडणूक आली की बंदूक ठाण्यात. २०२४ ची विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली, तेव्हा भात कापणीला आले होते. सरसकट सर्वांच्या बंदुका जमा करा असे निवडणूक आयोग म्हणत नाही; छाननी समितीने एकेक प्रकरण पाहायचे असते. समितीपुढे पीक संरक्षणाचे अर्ज आधीच गेले पाहिजेत.

हा सरळ रस्ता अरुंद झाला की माणूस कुंपणाच्या तारेत वीज सोडतो. त्या तारेला डुक्कर, शेजाऱ्याची म्हैस आणि पहाटे पाणी धरायला निघालेला आपलाच पोरगा यांतला फरक कळत नाही. ही तार आम्हाला कोणत्याही बांधावर नको आहे.

जिल्हा बैठकीला येताना परवान्याची झेरॉक्स, सातबारा, आणि नुकसानीचा पंचनामा झाला असल्यास त्याची प्रत आणा. दारूगोळ्याचा आकडा वाढवून मागण्याचे अर्ज तेथेच भरू आणि एकत्र जाऊन कलेक्टर कचेरीत देऊ. प्रत्येकाने पोच घ्यायची. पोच न देणाऱ्या टेबलासमोर आम्ही बसून राहू.