वंशावळीत आजारांचाही रकाना हवा



मांडवीच्या आसपासच्या आपल्या अनेक जुन्या घरांत वंशावळ जपून ठेवलेली असते. मूळ गाव, कुलदैवत, बडोद्याला प्रथम कोण आले, सगळे त्यात सापडते. कोणाला कोणता आजार होता, हे मात्र सहसा नसते. काही आजारांत नेमकी तीच माहिती जीव वाचवू शकते.

मार्च २०१८ मध्ये अभिनेते इरफान खान यांनी आपल्याला न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर झाल्याचे सांगितले, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकले. हार्मोन तयार करणाऱ्या पेशींची ही गाठ स्वादुपिंडात किंवा आतड्यातही होते. बहुतेकदा ती आनुवंशिक नसते. पण ‘मेन-१’ या दुर्मीळ आजारात ती घराण्यातून येते. त्याचे जनुक १९९७ मध्ये सापडले. आई किंवा वडिलांना हा आजार असेल, तर प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता ५० टक्के असते.

एकाच घरात तो वेगवेगळ्या रूपांत दिसतो. समजा, काकांना वारंवार मूतखडा होतो. कारण गळ्यातील पॅराथायरॉइड ग्रंथींमुळे रक्तात कॅल्शियम वाढलेले असते. आत्याला अल्सर आणि जुलाब. कारण गॅस्ट्रिन हार्मोनमुळे पोटात आम्ल फार तयार होते. चुलतभावाला उपाशीपोटी घाम आणि चक्कर. कारण इन्सुलिन जास्त. तिघे तीन डॉक्टरांकडे जातात. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत, बग तीन दिसतात, मूळ एकच.

नुसता मूतखडा किंवा अ‍ॅसिडिटी असेल तर घाबरू नका. पण अशा तक्रारी एकाच घरात जमल्या, तर एंडोक्रायनॉलॉजिस्टना भेटा. सुरुवात कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड हार्मोनच्या साध्या रक्ततपासणीने होते. अ‍ॅसिडिटीच्या काही गोळ्यांनीही गॅस्ट्रिन वाढते, म्हणून त्या घेत असल्यास आधी सांगा. स्वतःहून बंद करू नका.

घरातल्या एका रुग्णाचा जनुकदोष कळला, की भावंडांची आणि मुलांची तपासणी सोपी होते. ज्यांच्यात तो नाही, त्यांची चिंता कायमची मिटते. ज्यांच्यात आहे, त्यांना लहानपणापासून दरवर्षी रक्ततपासणी आणि ठरावीक काळाने एमआरआय करावा लागतो. त्यामुळे गाठ यकृतात पसरण्यापूर्वी सापडू शकते.

‘लग्न जमायला अडचण येईल’ म्हणून असे आजार झाकले जातात. त्याची किंमत पुढची पिढी मोजते. या दिवाळीत सगळे जमाल, तेव्हा आजीजवळ बसा, विचारा आणि लिहून ठेवा.